पेट्रोल मुरत नाही

भोर
रविवार, ५ एप्रिल २०२६

ती. सोमनाथदादा यास,

नमस्कार. आईला आणि अश्विनीवहिनीला नमस्कार सांग, बाळाला आशीर्वाद. तुम्ही सगळे बरे असाल. गेल्या आठवड्यात एसटीने पाठवलेला तांदूळ मिळाला. चांगला आहे, निवडावा लागला नाही.

फोन केला की तू रेंज नाही म्हणतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला रेंज लागत नाही.

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. तुला ते माहीत आहे, पण हा कागद तू आणखी कोणाला वाचायला दिलास तर त्यालाही नीट कळावं.

१. रविवार, २० एप्रिल २०२५. पासलीला आपल्या वरच्या खाचरात राब भाजायचा होता. म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण, टहाळ, पालापाचोळा आणि वर मातीचा थर देऊन तो जाळायचा. दरवर्षी करतो तसंच.

२. आदल्या दुपारी वळीव पडून राब भिजला होता. सावडीला, म्हणजे एकमेकांच्या शेतात कामाला, येणारी माणसं सकाळी आली, ओला राब बघून परत गेली. शेतात आपण दोघंच उरलो.

३. दुपारी चारच्या सुमाराला दोनदा काडी लावली. पेटलं नाही.

४. मोटरसायकलच्या टाकीतून काढलेलं पेट्रोल कॅनमधून शेतात आलं. अंदाजे दोन लिटर.

५. ते तू राबावर शिंपडलंस आणि मुरावं म्हणून पाच-सहा मिनिटं थांबलास.

६. मी खालच्या अंगाला, बांधाजवळ, राबापासून तीन मीटरवर उभी होते.

७. तू वरच्या बाजूने काडी टाकलीस. राब पेटायच्या आधी हवा पेटली. आग उताराने खाली आली.

८. माझा उजवा हात, दंड, मान आणि कानापर्यंतचा उजवा गाल भाजला. शरीराचा अठरा टक्के भाग.

९. पुण्याच्या सरकारी रुग्णालयात सत्तेचाळीस दिवस. डाव्या मांडीची कातडी काढून हातावर आणि मानेवर बसवली. दोन वेळा.

एवढंच घडलं. यात कोणी मुलगा नाही. चिठ्ठी नाही. ठरलेलं नि मोडलेलं लग्न नाही. हे दहाव्या क्रमांकावर लिहिणार होते, पण जे घडलंच नाही ते या यादीत कसं घालायचं?

गेल्या मंगळवारी ठकुआजी आली होती. डोळे तपासायला भोरला यायचं होतं, म्हणून दोन गाड्या बदलून माझ्या खोलीवर आली. अकरा महिन्यांत पासलीहून माझ्याकडे आलेली ती पहिली. आई रुग्णालयात माझ्याजवळ होती, ती सोडून म्हणते आहे.

दारातच म्हणाली, "आगं बया! ह्यो मोजा कसला घातलास? किरकेट खेळाया चाललीस का काय?"

मी सांगितलं की हा दाबाचा हातमोजा आहे, व्रण फुगू नये म्हणून दिवसातले तेवीस तास घालायचा असतो.

"आन् चोविसावा?"

"त्या तासात हात धुवायचा, तेल लावायचं आणि बोटं वाकवायची."

"बरं हाय. सासू न्हाई तर मोजा हाय तुला कामाला लावाया."

मी हसले. हसताना गालाची उजवी बाजू ओढली जाते, तरी हसले. तिला विजेच्या किटलीतला चहा दिला, तिने तो बशीत ओतून फुंकर मारून प्यायला आणि मग पदराने तोंड पुसून, अगदी मायेने, विचारलं, "बये, आता तरी सांग. म्या मराया टेकलेली म्हातारी, कुनाला सांगनार हाये? काय नाव व्हतं त्या पोराचं?"

"कोणत्या पोराचं, आजी?"

"ज्याच्यापायी पेटवून घेतलंस त्याचं."

दादा, बशी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग विचारलं की असं कोण म्हणतं.

"समदेच म्हनत्यात. तुझ्या शिरवळच्या कारखान्यातला व्हता म्हनं. कुनी म्हनतं डायवर, कुनी म्हनतं सायब."

"एकच माणूस दोन्ही कसा असेल?"

"मंग काय खरं त्ये तूच सांग की!"

मी विचारलं, "दादा काय म्हणतो?"

"सोम्या? त्यो काय म्हनत न्हाई. इशय निगाला की मान खाली घालून तंबाकू मळत बसतो. मंग मानसाला वाटतं, व्हयच असनार. घरची अब्रू हाये, बिचारा बोलंल तरी काय?"

बिचारा. हा शब्द मी मंगळवारपासून आजपर्यंत गिळायचा प्रयत्न करते आहे.

तू खोटं बोललास असं माझं म्हणणं नाही. खोटं मी बोलले. रुग्णालयात तिसऱ्या दिवशी आई माझ्या खाटेजवळ वाकली आणि म्हणाली, "सरकारी मानूस येतोय. सोम्याचं नाव घिऊ नगंस बाळा. अश्विनीला सातवा हाये. त्याला न्हेला तर घर कुनी बगायचं?" मग नायब तहसीलदार आले. त्यांनी आईला बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि विचारलं, "कोणाचा दबाव आहे का?" मी म्हणाले, नाही. "पेट्रोल कोणी ओतलं?" मी म्हणाले, मी. "काडी?" मी म्हणाले, माझ्याच हातून. उजव्या हाताला बँडेज होतं, म्हणून डाव्याचा अंगठा घेतला. कोणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. मला तेव्हा ते योग्य वाटलं. वहिनीचं पोट डोळ्यांसमोर होतं.

आता त्या जबाबाकडे बाहेरच्या माणसाच्या नजरेने बघ. मी डिप्लोमा केमिकल. रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझं कामच हे, की कोणता द्रव किती तापमानाला भडका घेतो ते मोजायचं. अशी मुलगी शेतात दोन लिटर पेट्रोल ओतते, शेजारी उभी राहते आणि स्वतः काडी ओढते. हा अपघात होता यावर शहाण्या माणसाचा विश्वास बसणार नाही. रुग्णालयाचाही बसला नाही. तिसऱ्या आठवड्यात मनाच्या डॉक्टर येऊन बसल्या. माझ्या कागदांवर कोणीतरी 'स्वतःहून' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते मी त्यांच्या हातातल्या फाइलवर उलटं वाचलं. तीन दिवस त्या मला हळू आवाजात विचारत होत्या की घरी कोणाशी भांडण झालं होतं का. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो कागद होता त्यावरून त्यांनी बरोबर निष्कर्ष काढला.

पण तुझ्यापुढे तो कागद नव्हता. तू तिथे होतास. पासलीतल्या सगळ्या माणसांत एकटा तूच तिथे होतास.

मी तुझं घर वाचावं म्हणून एक खोटं बोलले. गावाने त्या खोट्याला डायव्हर जोडला, साहेब जोडला, मला वेडी केलं. आणि तू तंबाखू मळलीस.

बाळाच्या बारशाचंही लिहायचं राहिलंय. जुलैत निरोप आला, "तू नको येऊस, तुला ऊन सोसणार नाही." कातडीला ऊन चालत नाही हे खरं, डॉक्टरांनीच सांगितलंय. पण बारसं संध्याकाळी सहाला होतं, जुलैत, वेल्ह्याच्या डोंगरात. तिथे महिनाभर कपडे वाळत नाहीत. कुठलं ऊन, दादा? माझा चेहरा पाव्हण्यांना दिसू नये असं वाटत होतं तर तसं म्हणायचं. मला राग आला असता, पण निदान माझ्या अकलेचा अपमान झाला नसता.

माझी तब्येत कशी आहे हे तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण हे तुला कळायला हवं.

इथे शेफाली नावाच्या फिजिओथेरपिस्ट आहेत, आठवड्यातून तीनदा त्यांच्याकडे जाते. सुरुवातीला मूठ वळताना बोटांची टोकं आणि तळवा यांच्यात साडेसहा सेंटिमीटर अंतर राहायचं. आता एक पूर्णांक दोन राहतं. मी दर सोमवारी मोजते आणि वहीत लिहिते. शेफाली म्हणतात, "तुझ्यासारखे पेशंट मिळाले तर मी घरी बसेन." मान डावीकडे पूर्ण वळते, उजवीकडे तीन चतुर्थांश. खाज अजून येते, भाजलेल्या जागेपेक्षा मांडीच्या जागेला जास्त. रुग्णालयात आंघोळीच्या टेबलावर जुनी कातडी खरवडायचे, त्याबद्दल मी लिहिणार नाही. आईलाही कधी सांगितलं नाही.

मी भाजले त्या दिवशी ठकुआजीने जखमांना पाण्याऐवजी चुन्याची निवळी आणि खोबरेल लावलं होतं. ते काढताना डॉक्टर चिडले होते. ठकुआजीवर माझा राग नाही. तिला जे येत होतं ते तिने धावत येऊन केलं, आणि ती मला बघायला आली.

ऑक्टोबरपासून मी कामावर जाते. आरशाचं म्हणशील तर त्याचं मला फार वाटत नाही. पहिल्या महिन्यात वाटायचं. एसटीत माणसं आधी बघतात, मग खिडकीबाहेर बघतात, त्याचीही सवय झाली. वेगळंच एक आहे. आमच्या तपासणीत भांड्याच्या तोंडाशी एक बारीक ज्योत न्यावी लागते, हरभऱ्याएवढी. ती माझ्याने पेटवता येत नाही. हात लाकूड होतो. सहा महिने माझ्याऐवजी दुसरीच मुलगी ती पेटवते आणि मी आकडे लिहिते. साहेबांना माहीत नाही. त्यांना कळलं तर मला पॅकिंगला टाकतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. खोलीवर गॅस आहे, तो मी एकदाही पेटवलेला नाही. ठकुआजीला चहा किटलीतला का दिला ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला का सांगते आहे, माहीत नाही. खोडणार होते, पण राहू दे.

आता माझ्या बाजूचं. वरच्या नऊ मुद्द्यांत मी दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. कामावर असा अहवाल दिला असता तर मी स्वतःच तो परत पाठवला असता.

पहिली. चौथ्या मुद्द्यात कॅन कोणी आणला ते लिहिलं नाही. मी आणला. तू म्हणालास, "गाडीतलं पेट्रोल काढून आन." मी म्हणाले, "रॉकेल बघू या ना कोणाकडे." तू म्हणालास, "रॉकेल आता कुठं मिळतंय? रेशनवरचं बंद हून किती वर्सं झाली. आन की, का डिप्लोमा झाल्यावर चढ चढवत न्हाई?" मी खाली गेले, नळी लावली, पेट्रोल काढलं आणि चढ चढून तुला आणून दिलं. तू शिंपडलंस आणि थांबलास. मी म्हणाले, "दादा, हे रॉकेल नाही." तू म्हणालास, "त्येल ते त्येल. मुरू दे." मी दुसऱ्यांदा बोलले नाही. त्या जागी बोलायला आणि तिथून बाजूला व्हायला मला पाच मिनिटं होती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उताराने खाली येते, आणि खाली मी उभी आहे, हे सगळं मला माहीत होतं. पण पुन्हा बोलले असते तर तू हसला असतास. तू हसू नयेस म्हणून मी गप्प राहिले. या वाक्यापर्यंत यायला मला अकरा महिने लागले.

तू का थांबलास तेही मला माहीत आहे. आपले वडील, नाना, असेपर्यंत ओल्या राबाला रॉकेलच लावायचे. रॉकेल टाकायचं, विडी ओढायची, ते पाल्यात मुरलं की काडी लावायची. त्यांनी तुला तसं शिकवलं आणि ते रॉकेलपुरतं बरोबर होतं. पेट्रोल मुरत नाही, दादा. ते उडतं. तू जेवढा थांबलास तेवढी वाफ साठत गेली. तू निष्काळजी नव्हतास. तू नानांसारखी काळजी घेतलीस, आणि त्या काळजीनेच घात केला. अकरा महिन्यांत एकदा जरी माझ्यासमोर येऊन बसला असतास तर हे मी तुला तोंडाने सांगितलं असतं.

दुसरी गोष्ट. सातव्या आणि आठव्या मुद्द्यांच्या मध्ये आणखी एक मुद्दा आहे. माझी ओढणी नायलॉनची होती. ती पेटून वितळायला लागली, तेव्हा तू बांधावरून उडी मारलीस आणि दोन्ही हातांनी ती माझ्या गळ्यावरून ओरबाडून काढलीस. ती तुझ्या तळव्यांना चिकटली. मग मला खाली पाडून माझ्यावर ओली माती ढकललीस, त्याच हातांनी. डॉक्टर म्हणाले होते की आणखी अर्धं मिनिट गेलं असतं तर मान आणि श्वास दोन्ही गेली असती. तुझे हात तू कोणाला दाखवले नाहीस. दाखवले असते तर कसे भाजले ते सांगावं लागलं असतं. हा मुद्दा मी मुद्दाम गाळला. तो लिहिला की राग धरवत नाही, आणि मला राग धरायचा होता. अजूनही आहे. तुझे तळवे कसे आहेत हे मीही कधी विचारलं नाही. तंबाखू मळता येते त्यावरून बरे असावेत, असा अंदाज केला.

तर हिशेब बरोबरीचा झाला, आता कशाला उकरायचं, असं तू म्हणशील. आई तर नक्कीच म्हणेल. मीही कदाचित गप्प बसले असते. मला गावात राहायचं नाही, लोकांनी माझ्यामागे दहा डायव्हर लावले तरी माझी मूठ वळायची थांबत नाही.

पण निघताना ठकुआजीला मी विचारलं, यंदा राब कशाने पेटवतात? ती म्हणाली, "कशानं म्हंजी? पेट्रोलनंच की. परवा चिमाजीच्या हितं बाटलीभर वतलं."

"आणि लगेच काडी लावली?"

"लगीच कशी? मुरू द्याया नगं?"

दादा, मी तिला पुन्हा बसवलं. पुन्हा विचारलं. गेल्या वर्षी एवढं होऊनसुद्धा? ती म्हणाली, "तुझं येगळं. तू सोताच्या मनानं केलंस. त्यात पेट्रोलचा काय दोस?"

आता तुला कळलं असेल मी हे पत्र का लिहिते आहे. तुझ्या गप्प बसण्याने माझं नाव गेलं, ते एक वेळ जाऊ दे. पण गावात एक बाई राबाच्या आगीत भाजली आणि त्यातून गाव एवढंच शिकलं की मुलींना शिरवळला कामाला पाठवू नये. चिमाजीकाकांची सून खालच्या बांधाला उभी असेल. तिला वाफ दिसणार नाही. ती दिसतच नाही. तिला सांगू शकणारी दोन माणसं आहेत. त्यातल्या एकीला गाव वेडी समजतं आणि दुसरा मान खाली घालून बसतो.

आपल्या खाचरात शनिवारी, १८ एप्रिलला सावड आहे असं कळलं. वीस-बावीस माणसं असतील. काडी ओढायच्या आधी तू सगळ्यांना थांबव आणि सांग, की गेल्या वर्षी पेट्रोल मी ओतलं, मी मुरायला थांबलो आणि काडी मी टाकली. सुलक्षणाने काही केलं नाही. आणि तुझे तळवे उघडून दाखव. व्याख्यान द्यायची गरज नाही. राब ओला असेल तर दोन दिवस वाळू द्यायचा, पेट्रोलला हात लावायचा नाही, एवढं बाकीचं मी सांगेन.

मी दिलेला जबाब मी दुरुस्त करणार आहे. वेल्ह्याच्या ठाण्यात मी स्वतः जाईन. जे घडलं ते सगळं सांगेन, कॅन मी आणला हेसुद्धा आणि ओढणी तू काढलीस हेसुद्धा. त्याचं जे होईल ते होईल. तुला अंधारात ठेवून जाणार नाही, म्हणून आधी लिहिलं.

वहिनीला हे पत्र वाचू दे. तिला खरं माहीत आहे की तीही डायव्हरवर विश्वास ठेवते, हे मला कळलेलं नाही.

शनिवारी मी पासलीला येणार आहे, तू काहीही ठरवलंस तरी. राब पेटेल तेव्हा मी उभी राहू शकेन का, मला सांगता येत नाही. वरच्या अंगाला उभी राहीन. तू बोलणार असशील तर शुक्रवारी शेवटच्या गाडीने घरी येईन, आईला सांग दोन भाकरी जास्त टाक. तू बोलणार नसशील तर ठकुआजीकडे उतरेन आणि सकाळी तिथून शेतात येऊन मीच बोलेन.

कुठे उतरायचं ते मला ठरवायचं आहे. बुधवार, १५ एप्रिलपर्यंत उत्तर दे. हो किंवा नाही, एवढं पुरे. फोन केलास तरी चालेल, पण तो आईच्या हातात देऊ नकोस.

तुझी बहीण,
सुलक्षणा